एका पॅकेटवर दोन पत्ते कशाला? कॉम्प्युटर नेटवर्क्सचा पाया पक्का करताना

ओरलला एक्स्टर्नल म्हणून गेलो की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. जर्नल बंद करून बाजूला ठेवायला सांगतो आणि विचारतो, "तुझ्या लॅपटॉपवरून गूगलच्या सर्व्हरला पॅकेट निघालं. त्यावर डेस्टिनेशन मॅक ॲड्रेस कुणाचा?" बहुतेक मुलं एका दमात सांगतात, "सर्व्हरचा, सर." हीच मुलं ओएसआय या नेटवर्कच्या मॉडेलचे सात थर वरून खाली आणि खालून वर घडाघडा म्हणतात. उत्तर मात्र चुकलेलं असतं. तो पत्ता असतो त्यांच्याच खोलीतल्या राउटरचा.

पॅकेट म्हणजे नेटवर्कवरून जाणारा माहितीचा एक तुकडा. त्यावर आयपी ॲड्रेस शेवटच्या मुक्कामाचा, मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा पत्ता) पुढच्या टप्प्याचा. एकाच पॅकेटवर हे दोन पत्ते का लागतात हे ज्याला नीट कळलं, त्याचा अर्धा विषय झाला असं मी धरून चालतो. स्विच, राउटर, एआरपी (आयपीवरून मॅक शोधायची पद्धत), गेटवे, सबनेट मास्क ही सगळी मंडळी त्याच प्रश्नाभोवती बसलेली आहेत. म्हणून खाली दिलेला क्रम सिलॅबसच्या युनिटांचा नाही. तो तुमच्या टेबलावरच्या लॅपटॉपपासून सुरू होतो आणि हळूहळू बाहेर पडतो. एका सेमिस्टरमध्ये, आठवड्याला चार-पाच तास दिले तर आरामात होतो.

पहिली पायरी: स्वतःच्या मशीनचा पत्ता लिहून काढा

विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल' द्या. लिनक्स असेल तर 'आयपी ए' आणि 'आयपी आर' अशा दोन कमांड; डीएनएस सर्व्हर त्यांत दिसत नाही, तो रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ फाइलमध्ये बघा. समोर येणाऱ्या गर्दीतून पाच गोष्टी वहीत उतरवा: मॅक ॲड्रेस, आयपी ॲड्रेस, सबनेट मास्क (पत्त्यातला नेटवर्कचा भाग कुठला ते सांगणारा), डिफॉल्ट गेटवे (बाहेर जायचं दार, म्हणजे राउटर), डीएनएस सर्व्हर (साइटच्या नावावरून आकडी पत्ता सांगणारा). स्क्रीनशॉट नको, हाताने लिहा. मग हेच होस्टेलच्या वायफायवर, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, कॉलेजच्या लॅबमध्ये आणि सुट्टीत घरी करा. चार ओळी एकाखाली एक आल्या की मॅक ॲड्रेस तोच राहतो आणि आयपी बदलतो हे आपोआप दिसतं. (फोनवर आणि काही लॅपटॉपवर वायफायचा मॅकही मुद्दाम बदलता ठेवलेला असतो. तसं दिसलं तर गोंधळू नका, ती सोय सेटिंगमधून बंद करता येते.)

बहुतेक ठिकाणी पत्ता १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होईल. घरच्या राउटरने दिलेला १९२.१६८.१.५ आणि मित्राच्या घरचा १९२.१६८.१.५ एकाच वेळी सुखाने नांदतात, कारण हे खासगी पत्ते आहेत. १०.०.०.० पासूनचा मोठा पट्टा, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८ असे तीन पट्टे नव्वदच्या दशकापासून खासगी वापरासाठी राखून ठेवलेत. बाहेर पडताना राउटर त्यांच्या जागी स्वतःचा सार्वजनिक पत्ता लावतो, त्याला नॅट म्हणतात. ही कसरत करावी लागते कारण आयपीव्हीफोरचा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. जागतिक पातळीवरचा मोकळा साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला.

कधी पत्ता १६९.२५४ ने सुरू झालेला दिसला तर खूश होऊ नका. त्याचा अर्थ पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरकडून पत्ता मिळालाच नाही, म्हणून मशीनने स्वतःच एक ठोकून दिला. लॅबमध्ये "नेट चालत नाही" म्हणणाऱ्या मशीनपाशी मी आधी एवढंच बघतो.

याच आठवड्यात पिंगची (पलीकडचं मशीन उत्तर देतं का ते बघणारी कमांड) शिडी पाठ नव्हे, सवयीची करा. आधी १२७.०.०.१ (मशीन स्वतःशीच बोलतं), मग स्वतःचा पत्ता, मग गेटवे, मग ८.८.८.८ (गूगलचा डीएनएस सर्व्हर), आणि शेवटी एखाद्या साइटचं नाव. जिथे पाय अडतो तिथे बिघाड. आकड्याला पिंग लागतं आणि नावाला लागत नाही, तर डीएनएस. गेटवेलाच लागत नाही, तर पुढचं काही तपासण्यात अर्थ नाही, आधी केबल किंवा वायफाय बघा.

दुसरी पायरी: एक पॅकेट उघडून बघा

इथे घाई करू नका. मी मुलांना पूर्ण दोन प्रॅक्टिकल याच्यावरच घालवायला लावतो.

वायरशार्क, म्हणजे जाणारी-येणारी पॅकेट पकडून दाखवणारा प्रोग्राम, उतरवून घ्या, फुकट आहे. १९९८ मध्ये ते इथरियल नावाने सुरू झालं, २००६ मध्ये नाव बदललं. विंडोजवर इन्स्टॉल करताना ते एनपीकॅप (पॅकेट पकडणारा ड्रायव्हर) टाकू का विचारतं, हो म्हणा, नाहीतर एकही पॅकेट दिसणार नाही. आणि फक्त स्वतःच्या मशीनवरची वाहतूक पकडा. कॉलेजच्या नेटवर्कवर दुसऱ्याचं काही पकडायचं असेल तर सरांची परवानगी आधी, प्रयोग नंतर. विनापरवाना शिरकाव हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली येणारा विषय आहे, गंमत नाही.

आता ब्राउझर पूर्ण बंद करा. ब्राउझर चालू ठेवून पकडायला बसलात तर दोन मिनिटांत हजारो पॅकेट जमतात आणि मुलं तिथेच हात टेकतात. शिवाय आजकाल बऱ्याच मोठ्या साइटशी ब्राउझर टीसीपीने (पोच घेत पाठवण्याची पद्धत) बोलतच नाही, यूडीपीवरच्या (पोच न घेणारी पद्धत) क्विकने बोलतो. पुस्तकात वाचलेला टीसीपीचा थ्री-वे हँडशेक (जोडणी सुरू करणारी तीन पॅकेट) शोधत बसाल आणि सापडणार नाही. त्यापेक्षा वेबपान मागवणारी कर्ल ही कमांड घ्या, विंडोज १० पासून ती आतच असते. डीएनएसची आणि एआरपीची साठवण पुसा, वायरशार्क सुरू करा आणि कर्लने एक्झाम्पल डॉट कॉमचं साधं एचटीटीपी पान मागवा, एस नसलेलं. आयपीव्हीफोरच वापरायला सांगा, त्यासाठी कर्लला हायफन आणि चार लावायचा. मग पकड थांबवून फिल्टरमध्ये एआरपी, डीएनएस आणि पोर्ट ८० एवढंच ठेवा.

साधारण पंधरा-वीस ओळी उरतील. त्या कथेसारख्या वाचा.

पहिल्यांदा एआरपी. तुमचं मशीन सगळ्यांना ओरडून विचारतं, "१९२.१६८.१.१ कोण आहे? मला सांगा." हे ओरडणं ब्रॉडकास्ट, डेस्टिनेशनच्या जागी सगळे एफ. उत्तर फक्त राउटर देतो: मी, आणि हा माझा मॅक. मग डीएनएस: एक्झाम्पल डॉट कॉमचा आकडा काय? उत्तर येतं. त्यानंतर टीसीपीच्या तीन ओळी, सिन, सिन-ॲक, ॲक. मग गेट (पानाची मागणी), मग २०० ओके (मागणी मान्य), आणि शेवटी फिन (जोडणी बंद).

आता सिनच्या ओळीवर क्लिक करा आणि खालच्या भागात इथरनेटची ओळ उलगडा. डेस्टिनेशन मॅक वहीत लिहा. त्याखालची आयपीची ओळ उलगडा, डेस्टिनेशन आयपी लिहा. आयपी कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरचा. मॅक? वर एआरपीच्या उत्तरात आलेला, राउटरचाच. हे स्वतःच्या डोळ्यांनी एकदा बघितलं की ओरलचा तो प्रश्न जन्मात चुकत नाही.

तिथेच थोडं आणखी थांबा. सगळ्यात खाली हेक्सचे (सोळाच्या पायावर लिहिलेले) बाइट दिसतात. पहिले सहा बाइट डेस्टिनेशन मॅक, पुढचे सहा सोर्स मॅक, त्यानंतर दोन बाइट प्रकाराचे: ०८ ०० म्हणजे आत आयपीव्हीफोर आहे, ०८ ०६ असेल तर एआरपी. झाला १४ बाइटांचा इथरनेट हेडर. लगेच पुढे ४५ दिसेल. त्यातला चार म्हणजे आयपीची आवृत्ती, पाच म्हणजे हेडरची लांबी, चार-चार बाइटांच्या पाच ओळी, म्हणजे २० बाइट. आयपी हेडरचा नववा बाइट टीटीएल, म्हणजे पॅकेटने अजून किती राउटर ओलांडायचे त्याची मर्यादा. तुमच्या मशीनवरून निघालेल्या पॅकेटवर विंडोजमध्ये तो हेक्स ८० असतो, म्हणजे १२८. लिनक्समध्ये हेक्स ४०, म्हणजे ६४. पुस्तकातली हेडरची चौकट शेजारी ठेवून पेन्सिलने प्रत्येक चौकटीत खरा आकडा भरा. अशी एक चौकट आयपीची आणि एक टीसीपीची भरली, की हेडर फॉरमॅटचा आठ मार्कांचा प्रश्न वेगळा पाठ करावा लागत नाही.

एक खाचखळगा सांगून ठेवतो. इथरनेटमध्ये आतला माल जास्तीत जास्त १५०० बाइट, हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. तरी मोठी फाइल पाठवताना वायरशार्कमध्ये पाच-दहा हजार बाइटांचं पॅकेट दिसतं आणि मुलं पुस्तक चुकलं म्हणतात. पुस्तक बरोबर आहे. तुकडे करण्याचं काम नेटवर्क कार्ड करतं आणि वायरशार्क त्याच्या आधीच बघत असतं.

थरांविषयी, थोडक्यात

ओएसआय मॉडेल आयएसओने १९८४ मध्ये प्रमाण म्हणून छापलं. अर्पानेट मात्र १ जानेवारी १९८३ लाच टीसीपी-आयपीवर गेलं होतं. म्हणजे इंटरनेट ओएसआयच्या नकाशावरून बांधलेलं नाही. सेशन आणि प्रेझेंटेशन हे थर वायरशार्कमध्ये वेगळे सापडत नाहीत म्हणून हैराण होऊ नका. सात थरांचा उपयोग बोलण्यापुरता खूप आहे. कामावरही लोक "हा लेयर टूचा प्रॉब्लेम" असंच म्हणतात. पेपरात सात लिहा, डोक्यात पाच ठेवा.

थर शिकवताना डबेवाल्यांचं उदाहरण प्रत्येक सर देतात, मीही दिलंय. पण ते कुठे तुटतं हेही बघा. डब्याच्या झाकणावरच्या खुणेत कुठल्या स्टेशनवर उतरायचं हे आधीच लिहिलेलं असतं. आयपी पॅकेटवर वाट लिहिलेली नसते, फक्त मुक्काम असतो. ते आहे वेंगुर्ल्याहून चंद्रपूरला एसटीने निघालेल्या माणसासारखं. थेट गाडी नाही. प्रत्येक स्टँडवर उतरून चौकशीच्या खिडकीत विचारायचं, "चंद्रपूरला जायचंय, कुठली गाडी?" कोल्हापूरच्या खिडकीतल्या माणसाला चंद्रपूरचे रस्ते माहीत असायची गरज नाही, पुढची गाडी कुठली एवढं माहीत असलं की झालं. मुक्काम चंद्रपूर म्हणजे आयपी, हातातलं सध्याच्या गाडीचं तिकीट म्हणजे मॅक. तिकीट प्रत्येक स्टँडवर बदलतं.

तिसरी पायरी: केबल आणि स्विच

एकदा तरी केबल स्वतः क्रिम्प करा. रंगांचा क्रम: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागले पाहिजेत. १०० एमबीपीएसला चारच तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. म्हणून केबल "चालते" पण वेग १०० वरच अडकतो, तेव्हा नेटवर्क कार्डाला शिव्या देण्याआधी जॅक पुन्हा मारून बघा.

स्विच (एकाच नेटवर्कमधली मशीन जोडणारी पेटी) कसा शिकतो हे एका वाक्यात आहे: आलेल्या फ्रेमचा (इथरनेट हेडर लावलेल्या पॅकेटचा) सोर्स मॅक वाचून तो कुठल्या पोर्टवर आहे ते नोंदवतो, आणि डेस्टिनेशन माहीत नसेल तर सगळीकडे पाठवतो. या "सगळीकडे"त एक धोका आहे. मी नोकरीला लागलो त्या वर्षी लॅबमध्ये एका मुलाने मोकळी पडलेली केबल नीटनेटकेपणाच्या नादात त्याच स्विचच्या दुसऱ्या पोर्टमध्ये खोचली. साधा, सेटिंग नसलेला स्विच होता. काही सेकंदांत सगळे दिवे एकसारखे लुकलुकायला लागले आणि तीस मशीन गार. एक ब्रॉडकास्ट फ्रेम त्या वर्तुळात फिरत राहिली, प्रत्येक फेरीला तिच्या प्रती निघत राहिल्या. आम्ही अर्धा तास सर्व्हर तपासत बसलो होतो. आयपी पॅकेट असं अडकलं तर प्रत्येक राउटरवर टीटीएल एकाने कमी होऊन शून्याला ते मरतं. इथरनेट फ्रेमला टीटीएलच नाही. हा फरक मला पुस्तकाने शिकवला नाही, त्या दुपारने शिकवला. यावरचा उपाय म्हणजे स्पॅनिंग ट्री, राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये काढलेला. पॅकेट ट्रेसर या नेटवर्क मांडून बघायच्या प्रोग्राममध्ये तीन स्विच त्रिकोणात जोडा. एका टोकाचा दिवा नारिंगी राहतो. तो पोर्ट बिघडलेला नाही, वर्तुळ तोडण्यासाठी मुद्दाम मिटवून ठेवलाय.

चौथी पायरी: सबनेटिंग, बोटांवर

सबनेटिंग म्हणजे एका नेटवर्कचे छोटे गट पाडणं. मुलं याला घाबरतात आणि नेमके इथेच मार्क फुकट मिळतात. बायनरीत अँड करत बसू नका, ते एकदा समजून घ्या आणि सोडा. रोजच्या कामाला एकच युक्ती: २५६ मधून मास्कचा शेवटचा आकडा वजा करा, येतो तो एका गटाचा आकार.

१९२.१६८.१०.७७/२७ कुठल्या नेटवर्कमध्ये? /२७ म्हणजे मास्कचे पहिले २७ बिट एक, म्हणून तो मास्क २२४ ने संपतो. २५६ वजा २२४, बत्तीस. गट सुरू होतात ०, ३२, ६४, ९६ ला. ७७ बसतो ६४ च्या गटात. नेटवर्क ६४, ब्रॉडकास्ट ९५, मधले ६५ ते ९४ मशीनसाठी, म्हणजे तीस. वीस सेकंदांचं काम.

आता परीक्षेत येतो तसा प्रश्न. १९२.१६८.१०.०/२४ मधून चार जागांना पत्ते द्या: मोठ्या लॅबला ५० मशीन, छोट्या लॅबला २५, ऑफिसला १०, आणि दोन राउटरमधल्या जोडणीला २. सगळ्यात मोठ्यापासून सुरू करा, नाहीतर मध्ये भोकं पडतात. ५० ला ६४ चा गट, /२६, पत्ते ० ते ६३. २५ ला ३२ चा गट, /२७, ६४ ते ९५. १० ला १६ चा, /२८, ९६ ते १११. जोडणीला ४ चा, /३०, ११२ ते ११५. बाकीचे शिल्लक.

यातला सापळा असा: प्रश्नात ३० मशीन दिली असतील तर मुलं /२७ देतात, कारण तीस जागा असतात. पण गेटवेलाही त्याच नेटवर्कमधला पत्ता लागतो. एकतीस झाले. /२६ द्यावा लागतो. प्रश्नात "होस्ट" लिहिलंय की "कॉम्प्युटर", आणि गेटवे धरलाय की नाही, हे उत्तरात एका ओळीत स्पष्ट लिहा; तपासणाऱ्याला भांडायला जागा उरत नाही.

रोज सकाळी मेसच्या रांगेत पाच पत्ते तोंडी सोडवा. पंधरा दिवसांत हात बसतो.

आणि मास्कचं खरं काम काय, तर पहिल्याच प्रश्नाचं उत्तर देणं. पाठवायचा पत्ता माझ्याच नेटवर्कमध्ये आहे का? असेल तर एआरपी थेट त्याच्या नावाने. नसेल तर एआरपी गेटवेच्या नावाने. मास्क चुकला की मशीन शेजाऱ्याला परका समजतं किंवा परक्याला शेजारी.

पाचवी पायरी: राउटिंग, आणि परतीची वाट

पॅकेट ट्रेसरमध्ये दोन राउटर, दोन्हीकडे एक-एक पीसी एवढंच मांडा. मोठमोठी टोपॉलॉजी काढून जर्नल सजवण्यात वेळ घालवू नका. पहिल्या राउटरवर स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेली वाट) द्या आणि पिंग करा. लागत नाही. मुलं तोच रूट तीनदा पुसून पुन्हा टाकतात. पॅकेट पोचलेलं असतं. उत्तराला परत यायची वाट दुसऱ्या राउटरवर कुणी लिहिलेलीच नसते. नेटवर्कमधल्या निम्म्या तक्रारी परतीच्या वाटेच्या असतात असं माझं मत आहे, आणि मी ते मागे घ्यायला तयार नाही. सिम्युलेशन मोडमध्ये पॅकेटचं पाकीट कुठे लाल फुलीने मरतं ते बघा, उत्तर समोर येतं.

आरआयपी, ओएसपीएफ, बीजीपी या राउटरांनी आपापसांत वाट ठरवण्याच्या पद्धतींत थिअरीसाठी डायक्स्ट्रा आणि बेलमन-फोर्ड हाताने सोडवायला शिका, तेवढं या टप्प्यावर पुरे.

त्यापेक्षा एक संध्याकाळ पॅकेटचे टप्पे दाखवणाऱ्या ट्रेसर्ट कमांडवर घालवा. कुठल्याही परदेशी साइटकडे जाणारे टप्पे बघा. सुरुवातीला १० चे किंवा १००.६४ च्या पट्ट्यातले पत्ते दिसले तर ते तुमच्या सेवा देणाऱ्या कंपनीच्या आतले. मध्ये तारका आल्या तर वाट तुटली असं नसतं, तो राउटर उत्तर देत नाही इतकंच. वेळेचे आकडे बघा. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे २०० किलोमीटरला एक मिलिसेकंद. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. त्याच्या कडेने सलग फायबर धरली तर जाऊन-येऊन सात मिलिसेकंद, यापेक्षा कमी कुणीही देऊ शकत नाही. एका टप्प्यावर वीसवरून आकडा एकदम शंभराच्या पुढे गेला आणि पुढे तसाच राहिला, तर बहुधा पॅकेट समुद्र ओलांडून गेलं. मुंबईच्या किनाऱ्यावर अशा अनेक केबली वर येतात.

सहावी पायरी: टीसीपीची सोशिक बाजू

ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यामधला वेग ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. सेकंदाला चाळीस बिट. दोन जागांमधलं अंतर ४०० यार्डांचं. चालत जाऊन कागद देणं परवडलं असतं. कारण असं की पॅकेट हरवलं की प्रत्येक मशीन जोमाने पुन्हा पाठवत होतं, आणि त्या पुन्हा पाठवलेल्यांमुळेच गर्दी वाढत होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये उपाय मांडला: हळू सुरू करा, पोच येईल तसा वेग वाढवा, पॅकेट हरवलं की मागे सरा. स्लो स्टार्ट आणि कंजेशन ॲव्हॉइडन्सचा तो दातेरी आलेख पेपरात काढताना ही गोष्ट डोक्यात असली की कुठे निम्मं करायचं ते चुकत नाही.

दोन गणितं हाताने करा. स्टॉप-अँड-वेट (एक फ्रेम पाठवून पोचेची वाट बघणं): वेग १ एमबीपीएस, फ्रेम १००० बाइट, एका बाजूचा विलंब २० मिलिसेकंद. फ्रेम पाठवायला ८, जाऊन-येऊन ४०, एकूण ४८. कामाचे ८. कार्यक्षमता एक षष्ठांश, साडेसोळा टक्क्यांच्या जरा वर. लाइन भरलेली ठेवायची तर सहा फ्रेमची विंडो (पोच यायच्या आधी पाठवता येणारा माल) हवी. दुसरं: टीसीपीची विंडो ६५,५३५ बाइट, जाऊन-येऊन २०० मिलिसेकंद. सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे २६ लाख बिट, लाइन १०० एमबीपीएसची असली तरी. म्हणूनच १९९२ मध्ये विंडो मोठी करण्याची सोय जोडावी लागली. ती सिन पॅकेटच्या ऑप्शनमध्ये असते, दुसऱ्या पायरीत पकडलेल्या पॅकेटमध्ये जाऊन शोधा.

लिनक्स असेल तर 'टीसी' कमांडला नेटएम जोडून स्वतःच्या कार्डावर मुद्दाम १०० मिलिसेकंद विलंब आणि दोन टक्के गळती लावा, आणि एक फाइल उतरवून बघा. झाल्यावर ते काढायला विसरू नका. आमच्याकडे एक मुलगा आठवडाभर होस्टेलच्या वायफायला दोष देत फिरत होता.

सातवी पायरी: पन्नास ओळींचा चॅट

सॉकेट प्रोग्रामिंग (दोन प्रोग्रामना नेटवर्कवरून बोलायला लावणं) कॉपी-पेस्ट करून सबमिशन होतं, पण शिकायला होत नाही. पायथन घ्या, सर्व्हर आणि क्लायंट दोन्ही स्वतः लिहा. दोन गोष्टी हमखास होतील. सर्व्हर बंद करून लगेच चालू केला की लिनक्सवर पत्ता आधीच वापरात आहे अशी चूक येईल. जुनी जोडणी टाइम-वेट अवस्थेत असते, त्यासाठी पत्ता पुन्हा वापरू देणारा ऑप्शन लावायचा. आणि दुसरी, जास्त महत्त्वाची: क्लायंटने "नमस्कार" आणि "कसा आहेस" असे दोनदा पाठवलं तरी सर्व्हरला कधीकधी "नमस्कारकसा आहेस" असं एकदम मिळेल. टीसीपी संदेश नेत नाही, बाइटांची धार नेतो. संदेश कुठे संपतो ते तुम्हालाच ठरवावं लागतं, ओळ संपल्याची खूण किंवा आधी लांबी. तोच प्रोग्राम यूडीपीवर लिहून फरक बघा.

परीक्षेचं काय?

वर सांगितलेलं केलं असेल तर शेवटच्या पंधरा दिवसांत फक्त उरलेलं भरायचं: सीआरसी आणि हॅमिंग कोडची गणितं, अलोहाची कार्यक्षमता (शुद्ध १८.४ टक्के, स्लॉटेड ३६.८), पोर्ट नंबर, आणि मागच्या पाच-सहा वर्षांचे पेपर. गेट ही परीक्षा देणार असाल तर सबनेटिंग, स्लायडिंग विंडो आणि टीसीपीची गणितं तिथेही लागतात, वेगळा अभ्यास फारसा राहत नाही. पुस्तक कुठलं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. वरून खाली येणारं एक घ्या किंवा खालून वर जाणारं एक, पण एकच पूर्ण वाचा. तीन पुस्तकांचं पहिलं प्रकरण वाचलेली मुलं मी पुष्कळ पाहिलीत.

मागच्या ओरलला एका मुलीला मी दोन लॅपटॉप आणि एक केबल दिली. स्विच नाही, इंटरनेट नाही. म्हटलं, जोड. तिने एकाला १०.०.०.१ दिला, दुसऱ्याला १०.०.०.२, मास्क सारखा ठेवला, आणि पिंग केलं. चारही वेळा रिक्वेस्ट टाइम्ड आउट. तिच्या आधीच्या मुलाने इथे केबल बदलून मागितली होती. तिने 'एआरपी हायफन ए' टाइप केलं आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. १०.०.०.२ च्या पुढे मॅक ॲड्रेस आलेला होता.

"सर, केबल चांगली आहे, पत्तेही बरोबर आहेत. पलीकडच्याने एआरपीला उत्तर दिलंय. त्याचा फायरवॉल पिंग अडवतोय."

तिने उठून दुसऱ्या लॅपटॉपच्या फायरवॉलमध्ये पिंगला परवानगी दिली. चार रिप्लाय आले. जर्नल टेबलावर बंदच होतं, मी तसंच पुढे ओढून शेवटच्या पानावर सही केली.